पेल्यात बिघडले कुठे?

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एक बाक आहे. त्याच्या मधोमध रेघ मारलेली आहे. रेघेच्या एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला गुजरात. तिकिटाची खिडकी आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, तर स्टेशनमास्तरांची खोली त्यांच्या तापी जिल्ह्यात. येणारेजाणारे या बाकावर दोन राज्यांत ऐसपैस बसतात आणि छायाचित्र काढून घेतात. गंमत अशी की, याच रेघेवर मद्याचाही न्याय बदलतो. दोन्ही राज्यांच्या कायद्याचे मूळ एकच, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. १९६० साली राज्ये वेगळी झाली. गुजरातने तो कायदा घट्ट धरून ठेवला आणि आपण हळूहळू परवान्यांची दारे किलकिली करीत गेलो. त्यामुळे बाकाच्या या टोकाला जी बाटली परवान्याची बाब असते, तीच हातभर सरकली की गुन्हा होते.

कायद्याला अशी एक रेघ पुरते. चांगले पेय कोणते आणि बिघडलेले कोणते, हे ठरवू पाहणाऱ्या जिभेला मात्र तशी रेघ कोणी आखून दिलेली नाही. हा लेख त्या जिभेविषयी आहे. वाचकांनी, विशेषतः भगिनीवर्गाने, दचकू नये. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, स्वतः घेत नाही, आणि कोणी घ्यावी असाही माझा आग्रह नाही. शिवाय या लेखातला बराचसा मजकूर स्वयंपाकघरातलाच आहे, हे पुढे दिसेलच.

निमित्त झाले भाच्याचे. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत असतो. उन्हाळ्यात चार दिवस आमच्याकडे आला, तेव्हा जेवताना त्याने आपले दुःख सांगितले. सोमवारी संध्याकाळी, गर्दी व्हायच्या आत, तो मित्रांबरोबर एका बारमध्ये गेला होता. तिथे त्याने नळाची बिअर मागवली. बाटलीतली नव्हे; तळघरातल्या किंवा शीतगृहातल्या पोलादी पिंपातून नळीने वर येते आणि तोटी ओढली की पेल्यात पडते, ती.

"मामा, अर्धा पेला नुसता फेस! तो बसला, तर खाली उरलं ते गढूळ. आणि चव कशी, तर लोणी जुनं झाल्यासारखी. वेटरला सांगितलं, तर म्हणतो, साहेब, ड्राफ्ट अशीच असते."

"अशीच असते" या दोन शब्दांवर आपल्या देशात किती गोष्टी वर्षानुवर्षे चालल्या आहेत, याचा मी विचार करू लागलो. आमच्या सौ. मात्र पोळीला तूप लावता लावता सहज म्हणाल्या, "अरे, भांडं नीट घासलं नसेल त्यांनी. विरजणाचं भांडं तसंच राहिलं की दह्याला तार सुटते, तसंच."

पुढच्या आठवड्यात हे सारे मी आमच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना सांगितले. ते स्टाफरूममध्ये चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "सर, वहिनींना आमच्या विभागात पाठवा. निम्मा अभ्यासक्रम त्या शिकवतील." आणि मग पुढचे दोन मोकळे तास त्यांनी मला जे सांगितले, ते माझ्या भाषेत मांडतो. चूक निघाली तर ती माझ्या कानांची समजावी.

बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचे आंबवलेले पाणी. कडवटपणासाठी त्यात हॉप नावाच्या वेलीची फुले. बाटलीतली बिअर सहसा गरम करून, म्हणजे पाश्चरीकरण करून, भरलेली असते. तिच्यातले जीव मेलेले असतात. पिंपातली बिअर बहुधा तशी केलेली नसते. म्हणूनच रसिक तिला ताजी म्हणतात, आणि म्हणूनच ती लवकर बिघडते. या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने होतात हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे सोपे जाते. दूध आणि दुधाची पावडर यांत जो फरक, तोच. पावडर नासत नाही, पण तिच्यापासून दुधाचा आनंदही कोणी मागत नाही.

आता फेस. सोड्याची बाटली उन्हात ठेवून उघडली तर काय होते, हे लहानपणी प्रत्येकाने एकदा तरी करून मार खाल्लेला आहे. कार्बन डायऑक्साइड वायू थंड पाण्यात मुकाट विरघळून राहतो. पाणी तापले की बाहेर पडायची घाई करतो. पिंप तीन-चार अंश सेल्सियसवर ठेवले, पण पिंपापासून तोटीपर्यंतची नळी जर पुण्याच्या एप्रिलमधल्या भिंतीतून उघडी येत असेल, तर त्या नळीत थांबलेली बिअर तापते आणि पेल्यात नुसता फेस होऊन उतरते. पहिला पेला फेसाळ आणि तिसरा-चौथा ठीक, असे झाले तर दोष नळीच्या उष्णतेचा समजावा. सगळेच पेले फेसाळ आले, तर वायूचा दाब चुकलेला असतो. दाब जास्त झाला की फेस, कमी झाला की बिअर हळूहळू मुळमुळीत. आणि काही ठिकाणी, विशेषतः घरगुती मेजवान्यांत, कार्बन डायऑक्साइडऐवजी हातपंपाने साधी हवाच पिंपात भरतात. मग ते पिंप एका दिवसाचेच. दुसऱ्या दिवशी त्याला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येऊ लागते. हवेतला प्राणवायू बिअरचा वैरी आहे.

याच्या उलट तक्रारही ऐकू येते, की फेस टिकतच नाही. त्याचा गुन्हेगार बहुधा पेला असतो. बिअरचा फेस जवातल्या प्रथिनांच्या आधाराने उभा असतो, आणि स्निग्धता लागली की तो कोसळतो. पेल्याला साबणाचा अंश राहिला, तेलकट फडक्याने पुसला, किंवा पिणाऱ्याने भजी खाऊन त्याच बोटांनी कड धरली, की संपले. पेला स्वच्छ आहे की नाही, हे पाहायची एक साधी परीक्षा प्राध्यापकांनी सांगितली. पेला आतून ओला करावा आणि मीठ भुरभुरावे. स्वच्छ काचेवर मीठ सारखे चिकटते. जिथे तेल असेल तिथे टिकत नाही. बुडबुडे काचेला आतून चिकटून बसलेले दिसले, तर तीही त्याच मळाची खूण. आमच्या सौ.नी ही मिठाची परीक्षा त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्या काचेच्या पेल्यांवर केली आणि कामाला येणाऱ्या बाईंशी त्यांचे दोन दिवस बोलणे बंद होते. विज्ञानाचे असे परिणाम पुस्तकात छापत नाहीत.

भाच्याच्या पेल्यातला खरा दोष मात्र फेसाचा नव्हे, लोण्याचा. त्या लोण्याच्या वासाला डायअसेटिल असे नाव आहे. लोण्याला लोण्याचा वास येतो तो मुख्यतः याच द्रव्यामुळे. बिअर आंबताना यीस्ट म्हणजे किण्वच ते थोडे तयार करते आणि, पुरेसा वेळ दिला तर, स्वतःच पुन्हा गिळून टाकते. कारखानदाराने घाई केली तर ते मागे राहते. पण चांगल्या निघालेल्या बिअरलाही ते पुढे चिकटू शकते, आणि ते नळीत. नळी आठवड्यामागून आठवडे धुतली नाही की तिच्या आतल्या अंगाला बुळबुळीत थर धरतो. त्या थरात पेडिओकॉकस, लॅक्टोबॅसिलस अशा नावांची, दह्यातल्या जंतूंच्या गणगोतातली मंडळी सुखाने संसार थाटतात. पहिल्या जातीचे जंतू डायअसेटिल करतात, आंबटपणा आणतात, बिअर गढूळ करतात, आणि फार माजले तर तिला खरोखर तार आणतात. म्हणजे सौ.चे निदान शब्दशः बरोबर. तोटीच्या तोंडाशी हवा लागते. तिथे व्हिनेगर करणारे जंतू जमतात आणि त्यांना घेऊन येतात त्या पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या बारीक माश्या.

पाश्चात्त्य देशांत या नळ्या दर चौदा दिवसांनी दाहक सोड्याच्या द्रावणाने धुवाव्यात असा रिवाज आहे, आणि जुन्या झाल्या की त्या बदलतात. हा खर्च बारमालकाचा. त्यात धुताना नळीतली सगळी बिअर ओतून द्यावी लागते, म्हणून तो टाळला जातो. भाचा सोमवारी, तोही पहिलाच गिऱ्हाईक म्हणून गेला होता. त्याच्या पेल्यात आले ते पिंपातले नव्हतेच; कितीतरी तास नळीत मुक्काम करून राहिलेले होते. त्याच कंपनीची बाटली मागवून शेजारी ठेवली असती, तर दोष बनवणाराचा की वाढणाराचा, हे तिथल्या तिथे कळले असते. आणखी एक. फार थंड पेयाने जीभ बधिर होते. बिअर जितकी बर्फाळ, तितके तिचे दोष झाकलेले. म्हणून परीक्षा करायची तर पेला जरा वेळ तसाच राहू द्यावा.

पण सगळाच गढूळपणा दोषाचा नसतो, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. २००९ साली पुण्यात, जिथे बनवायची तिथेच प्यायला द्यायची अशी पहिली छोटी बिअरभट्टी निघाली. पुढे त्यांचे पेवच फुटले. त्यांतल्या अनेक ठिकाणी गव्हाची बिअर मिळते. ती न गाळता देतात, म्हणून ती ढगाळच दिसायला हवी, आणि तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास यायलाच हवा, कारण तिचे किण्वच तसे असते. भाच्याने पूर्वी एकदा ती "केळं कुजलंय" म्हणून परत पाठवली होती. ती बिचारी निर्दोष होती. ताकाला आंबट म्हणून नाव ठेवण्यातलाच तो प्रकार.

एवढे झाल्यावर मला वाटले, नंदुरबारात बसून पुण्याच्या नळाची चौकशी करण्यात फारसा अर्थ नाही. आमच्या उशाला सातपुडा आहे. तिथे आंबवणे आणि उतरवणे हे ज्ञान बारपेक्षा आणि पाश्चरपेक्षाही जुने आहे. पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ चा. आमच्याकडे मोहाच्या फुलांचे आसव चरकाच्या काळी ठाऊक होते. मोहाला संस्कृतात मधूक म्हणतात. कालिदासाने रघुवंशात इंदुमतीच्या हाती वरमाला दिली ती दूर्वांत गुंफलेल्या याच फुलांची, आणि कुमारसंभवात पार्वतीच्या केसांत याच फुलांची माळ आहे. हे मी वर्गात पंधरा वर्षे सांगत आलो आहे. वर्गातली निम्मी मुले ती फुले वेचून मोठी झालेली आहेत, त्यामुळे या एका जागी ती माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहतात.

त्यांतल्याच एकाने चैत्रात मला धडगाव तालुक्यातल्या आपल्या पाड्यावर नेले. "सर, महू पडतोय. पहाटे या, म्हणजे दिसेल." पहाटे खरोखरच दिसले. पाने झडलेले झाड, खाली झाडून स्वच्छ केलेली जमीन, आणि तिच्यावर टपटप पडणारी फिक्या पिवळसर रंगाची मांसल फुले. बायका आणि पोरे टोपल्या भरत होती. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखरच असते. दुष्काळी वर्षांत डोंगरातल्या घरांनी ही फुले उकडून, भाजून, भाकरीत घालून दिवस काढले आहेत. दारू हा त्यांचा एक उपयोग, एकमेव नव्हे. त्याच झाडाच्या टोळंबीचे तेल काढतात.

त्या मुलाची आजी पावरी बोलते. तो मला मराठीत सांगत होता. भट्टी दाखवा असा आग्रह मी धरला नाही. ते त्यांच्या सोयीचे नव्हते आणि माझ्या नोकरीच्याही. मी फक्त विचारले, की मोहाची चव बिघडते ती कशाने?

आजीने बोटे मोडायला सुरुवात केली. फुले नीट वाळली नाहीत किंवा त्यांना पाऊस लागला, तर बुरशीचा वास शेवटपर्यंत जात नाही. भिजत घातलेली फुले थंडीत जास्त दिवस आणि उन्हाळ्यात कमी दिवस ठेवायची. एक दिवस चुकला की आंबट. मडके जुने झाले की फोडून टाकायचे, कारण कितीही धुतले तरी आधीचा आंबूसपणा मातीत मुरून राहतो. जाळ मोठा केला की खालचे करपते, नाहीतर उतू जाऊन नळीत येते. वरचे पाणी तापले आणि बदलले नाही, तर वाफच थंड होत नाही. आणि शेवटी शेवटी जे उतरते ते पाणचट आणि आंबट; ते चांगल्यात मिसळले की सगळेच गेले.

मी ऐकतच राहिलो. नळी, तापमान, वेळ, भांड्याचा मळ. आमच्या प्राध्यापकांनी दोन तासांत सांगितलेल्या गोष्टी आजीने कुडाला टेकून दहा मिनिटांत सांगितल्या. नातू म्हणाला, "सर, आजी म्हणते, देवाला द्यायची असते ना, मग वाईट कशी करायची?" इंदल असो की होळी, पहिली धार जमिनीवर, देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने पडते. माणसे नंतर. पहिला गिऱ्हाईक देवच असला म्हणजे "अशीच असते" असे म्हणायची सोय राहत नाही.

एक भाषेची गोष्ट इथेच सांगून टाकतो. आंबत ठेवलेल्या या फुलांना वर्तमानपत्रातल्या छाप्याच्या बातमीत 'सडवा' म्हणतात, नाहीतर 'कच्चे रसायन'. कौटिल्य आंबवणाऱ्या द्रव्याला 'किण्व' म्हणतो, आणि आजचे आपले शास्त्रीय 'किण्वन' त्याच्यावरूनच. शब्द पंचनाम्यातला की अर्थशास्त्रातला, एवढ्यावरच पुष्कळदा त्या वस्तूची अब्रू ठरते.

कौटिल्याचे नाव निघालेच आहे, तर त्याने बिघडलेल्या पेल्याचे काय करायला सांगितले, ते पाहण्यासारखे आहे. अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचा एक अध्यायच आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु अशा प्रकारांची मापे आणि कृती त्यात आहेत. उत्सवात आणि यात्रेत चार दिवस मोकळीक द्यावी असेही आहे. बिघडलेली सुरा मात्र नेहमीच्या दुकानी नेहमीच्या भावाने विकू नये, ती दुसरीकडे विकावी. नाहीतर दासांना आणि कामकऱ्यांना वेतन म्हणून द्यावी, ओझ्याच्या जनावरांना पाजावी किंवा डुकरांना घालावी, अशी त्याची व्यवस्था आहे. फेकून द्या, असे तो म्हणत नाही.

हे वाचून मी वर्गात नेहमी थांबतो. चव बिघडली म्हणून पेय कोणी टाकत नाही, पिणारा बदलतो. भाच्याला पेला परत करता आला, आणि दाद लागली नाही तरी दुसऱ्या बारमध्ये जाता आले. ज्याला मजुरीतच ती मिळते, किंवा ज्याच्या पाड्यावर एकच गुत्ता आहे, त्याने परत कोणाला करायची?

आजीच्या हातची ही विद्या बेकायदा कशी झाली, तो इतिहास थोडक्यात असा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी बंद करून सरकारी ठेक्याची दारू आणली. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुले बाळगण्यावरच बंधने घातली. घरात, सणापुरते, माहितीच्या हाताने होणारे पेय गेले आणि ठेकेदाराचे, उधारीचे, रोजचे पेय आले. चव कशीही असो, उधारी खात्यावर चढत असे. आदिवासींनी याला जे उत्तर दिले, ते शहरी वाचकांना फारसे ठाऊक नसते. १९२२ साली दक्षिण गुजरातेत आणि त्याला लागून असलेल्या डोंगराळ भागात 'देवी' आली; अंगात येणाऱ्यांच्या तोंडून तिने सांगितले, की दारू सोडा, आणि हजारोंनी सोडली. १९३७-३८ च्या सुमारास आमच्याच तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी तेच सांगितले. त्यांचे अनुयायी एकमेकांना 'आप' म्हणून आदराने हाक मारीत. महाराज १९३८ मध्ये वारले, तरी त्यांचे नाव या भागात आजही घेतले जाते. मग १९७२ पासून शहाद्याला श्रमिक संघटना आणि अंबरसिंग सुरतवंती यांची चळवळ उभी राहिली. जमिनीचे आणि मजुरीचे प्रश्न तिच्या अग्रभागी होते. पण बायका एकत्र आल्या तेव्हा त्यांनी गावोगाव दारूच्या गुत्त्यांवर मोर्चे नेले आणि मडकी फोडली. मजुरी कुठे जाते आणि मार कुठून येतो, याचा हिशेब त्यांना कोणी शिकवावा लागला नाही.

मडकी फोडणाऱ्या त्या बायकांत अशा काही जणी नक्की असणार, ज्यांना चांगली मोहाची कशी उतरवायची हे आमच्या आजीइतकेच ठाऊक होते. मला यात विसंगती वाटत नाही. आपल्या हातची वस्तू दुसऱ्याच्या हाती जाऊन काय झाली, हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणाला दिसणार?

आता या सगळ्यातला सर्वांत गंभीर भाग. जिभेवर आपण एवढा वेळ विश्वास टाकला. पण ती एका ठिकाणी साफ फसते. लोण्याचा वास, आंबटपणा, गढूळपणा, तार या सगळ्यांनी पेय घाणेरडे होते, फार तर पोट बिघडते. त्याने सहसा कोणी मरत नाही. ज्याने माणसे मरतात, त्या मिथिल अल्कोहोलची चव आणि वास साध्या मद्यासारखाच असतो. तो रंगहीन असतो आणि पेल्यात ओळखू येत नाही. खेड्यापाड्यांत परीक्षा म्हणून थोडी दारू विस्तवावर टाकतात; पेट घेतला तर "असली आहे" म्हणतात. मिथिल अल्कोहोलही पेट घेते. त्या ज्योतीवरून दारू कडक आहे एवढेच कळते, निर्विष आहे हे नव्हे.

हे विष मोहाच्या फुलांतून येते, असा एक समज आहे. फुलांच्या किण्वनात ते अगदी अल्प प्रमाणात होते. माणसे दगावण्याइतके नव्हे. विषबाधेच्या मोठ्या प्रकरणांत ते कारखान्यांतून, रंग आणि द्रावक म्हणून लागणाऱ्या मालातून चोरून आलेले असते, आणि महाग मद्याच्या जागी स्वस्त म्हणून मिसळलेले असते. २००९ साली अहमदाबादेत सव्वाशेहून अधिक माणसे मेली. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक. २०२२ च्या जुलैत गुजरातेतल्या बोटाद भागात चाळीसहून अधिक. पहिले आणि तिसरे ठिकाण दारूबंदीच्या राज्यातले, मधले परवान्यांच्या राज्यातले. म्हणजे नवापूरच्या बाकावरची रेघ इथे उपयोगी पडली नाही. मेलेले बहुतेक सगळे हातावर पोट असलेले. कौटिल्याने बिघडलेल्या सुरेला जी वाट काढून दिली होती, त्याच वाटेवरचे.

प्राध्यापकांनी हे सांगताना माझ्याकडून कागदावर लिहूनच घेतले, ते तसेच देतो. घरात मद्य येत नसले, तरी घरी काम करणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या, बांधकामावर येणाऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

मिथिल अल्कोहोल पोटात गेल्या गेल्या काही होत नाही. साध्या नशेसारखीच नशा येते. यकृत त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करते. हे आम्ल डोळ्यांच्या नसा जाळते आणि रक्त आम्लधर्मी करते. त्याला बारा ते चोवीस तास लागतात. बरोबर साधे मद्यही घेतलेले असेल, तर आणखी उशीर होतो. म्हणून माणूस रात्री ठीक झोपतो आणि दुसऱ्या दिवशी डोके दुखते, मळमळते, पोटात कळा येतात, धाप लागते. घरचे म्हणतात, उतरली नसेल अजून. डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पडल्यासारखे पांढरे दिसू लागले, की क्षणभरही थांबू नये. दहा-पंधरा मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन चमचे, एवढ्यानेही कायमचे आंधळेपण आल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

रुग्णालयात यावर उपाय आहे. फोमेपिझोल नावाचे औषध, ते नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून दिलेले शुद्ध इथिल अल्कोहोल, आणि रक्त धुण्याचे यंत्र. विषाचे आम्ल होऊ नये म्हणून यकृताला दुसऱ्या कामात गुंतवायचे, हे त्यातले तत्त्व. ते ऐकून घरच्या घरी उतारा म्हणून आणखी दारू पाजण्याचा उद्योग कोणी करू नये. तीही त्याच पिंपातली असायची. ज्यांनी त्याच ठिकाणची घेतली होती त्या सर्वांना, त्रास होत नसला तरी, बरोबर न्यावे. आणि काय घेतले, कुठून घेतले, केव्हा घेतले, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. पोलिसांच्या भीतीने माणसे "काही तरी खाण्यात आलं" असे सांगतात, आणि डॉक्टर पोटाच्या औषधात हाताशी असलेले तास घालवून बसतात.